हुशार मुलीचं व्हायोलिन: आधी उजवा हात

सांगलीहून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तुमच्याकडे बारा वर्षांची एक मुलगी तीन वर्षं व्हायोलिन शिकते आहे. आज ऐकलेली बंदिश ती उद्या वाजवून दाखवते, द्रुत लयीतल्या ताना बेधडक घेते. पण आलापीला बसवलं की कंटाळते, आणि लांब सूर लावायला सांगितला की तो थरथरतो. आईवडिलांना तिला फुल साइज, म्हणजे मोठ्यांच्या मापाचं, व्हायोलिन घ्यायचं आहे, स्पर्धेलाही पाठवायचं आहे. तंत्राचं काय काय आणि कोणत्या क्रमाने करून घ्यावं, असं तुम्ही विचारता.

तिचा कान चांगला आहे, आणि घोळ तिथेच आहे. बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी तिचा कान ते तत्क्षणी ओळखतो आणि ती बोट सरकवून सूर जागेवर आणते. हे इतकं झटकन होतं की समोरच्याला पत्ताही लागत नाही. बेताच्या कानाचा मुलगा बेसूर वाजवतो, आपण तिथल्या तिथे त्याला थांबवतो आणि हात नीट करतो. हिला थांबवायची वेळच येत नाही. मग लय आणखी वाढली, की बोट सरकवायला सवड उरत नाही आणि पंधरा-सोळाव्या वर्षी ही मुलं अडकतात. घरचे म्हणतात, अभ्यासाचा ताण आला, लक्ष उडालं. बहुतेक वेळा कारण हातात असतं.

तरी डाव्या हाताचं एक बरं असतं, त्याच्यावर कानाची नजर असते. उजव्या हातावर कुणाचीच नसते. सूर घोगरा निघाला, बोची (गजाची) दिशा बदलताना ठोका बसला, मध्येच आवाज पातळ झाला, तर मुलांना ती चूक वाटत नाही; आपल्या व्हायोलिनचा आवाजच असा, असं ती धरून चालतात. म्हणून माझं उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, पुढचं वर्षभर तिला नवे राग कमी द्या आणि बो शिकवा. डाव्या हाताची कामंही याच काळात होतील, पण ती बोच्या मागून.

हा काही माझा शोध नाही. ५ मार्च १७६० रोजी जुझेप्पे तार्तिनी या इटालियन व्हायोलिनवादकाने पादुआहून माद्दालेना लोम्बार्दिनी या चौदा वर्षांच्या मुलीला एक पत्र लिहिलं. ती व्हेनिसच्या एका अनाथाश्रमवजा संगीतशाळेत शिकत होती आणि तिची तयारी चांगली होती. त्या पत्रात तार्तिनी पहिलं काम देतो ते मोकळ्या तारेवर बो ओढण्याचं: अगदी बारीक आवाजात सुरू करायचं, हळूहळू वाढवत नेऊन पूर्ण आवाजापर्यंत पोचायचं, खाली जाणाऱ्या बोनेही आणि वर येणाऱ्या बोनेही. रोज किमान एक तास, थोडा सकाळी, थोडा संध्याकाळी. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचा सराव हाच, असं तो तिला बजावतो. मग कोरेल्ली या संगीतकाराच्या जलद रचना बोच्या टोकाशी, मग टोक आणि मध्य यांच्या दरम्यान, मग मध्यावर वाजवायच्या. डाव्या हाताच्या जागा त्यानंतर येतात, आणि शेवटी ट्रिल (शेजारचे दोन स्वर आलटून पालटून झटपट घेणं), तीही संथ लयीपासून. मुलगी हुशार आहे म्हणून त्याने एकही पायरी गाळलेली नाही. ती पुढे युरोपात नाव कमावलेली वादक आणि रचनाकार झाली. आपलं संगीत वेगळं, बैठक वेगळी, पण घोड्याचे केस तारेवर घासून सूर काढायचा हे तेच.

आता प्रत्यक्ष काम. तुम्ही व्हायोलिनच्या तारा कोणत्या सुरांत मिळवता ते लिहिलेलं नाही. मी पांढरी दोनला (हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला) प सा प सा धरून चालतो, म्हणजे चौथी तार मंद्र पंचम, तिसरी षड्ज, दुसरी पंचम, पहिली तार षड्ज. तुम्ही सा प सा प मिळवत असाल तर तारांची नावं बदलून घ्या.

तानपुरा लावा, शेजारी तीनतालाचा ठेका मिनिटाला ६० मात्रांवर ठेवा, आणि तिसऱ्या तारेवर मोकळा षड्ज. सुरुवातीला आठ मात्रांना एक बो: समेपासून कालापर्यंत, म्हणजे नवव्या मात्रेपर्यंत, बो खाली; तिथून समेपर्यंत वर. म्हणजे एका बोला आठ सेकंद. हे गुळगुळीत झालं की एका आवर्तनात एक बो, सोळा सेकंद. बोचे केस साधारण ६५ सेंटिमीटर असतात (तीन चतुर्थांश मापाच्या बोला त्याहून कमी), तेव्हा सोळा सेकंदांत सेकंदाला चारच सेंटिमीटर मिळतात. हा हिशोब मुलीला जरूर सांगा. हुशार मुलांना हिशोब आवडतो, आणि मग ती स्वतःच बघायला लागतात की पाचव्या मात्रेलाच अर्धा बो कुठे उडाला.

सूर थरथरतो तो बहुधा बोच्या मध्यावर. काठी तिथे मुळातच उसळते, आणि ते दाबून टाकायला मूल मूठ आवळतं. मूठ आवळली की खांदा वर जातो, खांदा वर गेला की थरथर वाढते. तिला 'दाबू नको' असं सांगून उपयोग नाही, कारण दाब नसेल तर आवाजच निघणार नाही असं तिला वाटतं. त्यापेक्षा तीन गोष्टी वेगवेगळ्या करून दाखवा: बोचा वेग, बोचं वजन आणि ब्रिजपासूनचं (तारा उचलून धरणाऱ्या घोडीपासूनचं) अंतर. ब्रिजच्या जवळ संथ आणि वजनदार बो लागतो, फिंगरबोर्डच्या जवळ हलका आणि वेगाचा. एकच षड्ज या दोन ठिकाणी आणि त्यांच्या मध्ये असा तीन जागी लावायला सांगा, आणि प्रत्येक जागी आवाज भरून येईपर्यंत वेग तिचा तिला शोधू द्या. तिचा कान इथे कामाला लागतो. मग थरथर कमी करण्यासाठी तुम्हाला फारसं बोलावं लागत नाही.

अंगठाही बघा. बो धरलेल्या हाताचा अंगठा किंचित वाकलेला हवा. लांब सुरात तो हळूच सरळ होऊन कडक होतो आणि मनगट बंद पडतं. सूर चालू असतानाच तिला करंगळी काठीवरून एकदा उचलून परत ठेवायला सांगा. हात मोकळा असेल तर सूर ढळत नाही.

बो बदलताना बसणारा ठोका ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी पूर्ण बो घासत बसू नये. मुठीजवळचे पाचेक सेंटिमीटर आणि टोकाजवळचे तेवढेच, एवढ्याच भागात खाली-वर करायचं, दिशा बदलण्याआधी वेग आणि वजन दोन्ही किंचित उतरवायचं. टोकाशी बो वाकडा जातो, कारण हात खांद्याभोवती गोल फिरतो आणि ब्रिजला समांतर राहायचं तर शेवटच्या भागात कोपर उघडून हात पुढे न्यावा लागतो. समोर आरसा ठेवा. आरसा नसेल तर मोबाइल समोर टेकवून चित्रीकरण करा. तुम्ही दहा वेळा सांगून जे होत नाही, ते एकदा बघून होतं.

आता तिच्या आवडीच्या ताना. त्या बंद करू नका, नाहीतर ती व्हायोलिनच बंद करेल. पण त्यातली बोटं काढून घ्या. माझ्याकडे असाच एक मुलगा यायचा, भूपातल्या ताना पाण्यासारख्या घ्यायचा, फक्त चौगुनीत (चौपट लयीत) कुठेतरी एक स्वर दबून जायचा. कोणता, ते त्यालाही सांगता येईना आणि मलाही ऐकून नेमकं धरता येईना. त्याला म्हटलं, सा रे ग, प ध, सां, ध प, ग रे सा ही तान घे, पण डावा हात मांडीवर ठेव. नुसत्या मोकळ्या तारा: तिसरी तीनदा, दुसरी दोनदा, पहिली एकदा, दुसरी दोनदा, परत तिसरी तीनदा. दुगुनीतसुद्धा जमेना. पहिल्या तारेवर एकदाच जाऊन परतायचं होतं आणि तिथे त्याचं कोपर पोचायच्या आत बो दुसऱ्या तारेवर यायला निघालेला असायचा. म्हणजे दबणारा स्वर तार षड्ज होता आणि चूक बोटांची नव्हतीच. कोपर स्वराच्या थोडं आधी निघालं पाहिजे, एवढंच शिकायचं होतं. तिच्या प्रत्येक तानेचा असा बोचा सांगाडा काढा, वहीत नुसते तारांचे आकडे लिहा, आणि बोटांशिवाय स्वच्छ आलं की मगच बोटं ठेवू द्या. मुलांना हे कोड्यासारखं वाटतं आणि ती कंटाळत नाहीत.

डाव्या हातासाठी वेगळे अभ्यास शोधत बसायची गरज मला वाटत नाही. रागच अभ्यास म्हणून निवडावेत. पहिला भूप, त्यातल्या ग–प आणि ध–सां या उड्यांसाठी. आपल्या मिळवणीत एक मोह आहे: पंचम मोकळ्या दुसऱ्या तारेवर आयता मिळतो, तार षड्ज पहिल्यावर. हुशार मूल ग वाजवून टुणकन मोकळ्या पंचमावर जातं, सूर बरोबर येतो, आपणही मान डोलावतो, आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, तेवढी राहून जाते. तिला ग–प तिसऱ्याच तारेवर घ्यायला लावा, एकाच बोटाने, एकाच बोमध्ये. पहिल्या बोटाने आणि दुसऱ्या बोटाने, दोन्हीने तयार करा. भूपात मध्यम वर्ज्य, म्हणून वाटेत बोट मध्यमावर रेंगाळता कामा नये; तेवढ्या वाटेत बोचं वजन किंचित हलकं करायचं आणि पंचमावर पोचताच परत भरायचं. मींड डावा हात घेतो असं सगळ्यांना वाटतं, पण ती गोड किंवा ओंगळ होते ती बोमुळे.

पंचमावर बोट नेमकं पोचलं का, हे तिला तुमच्याशिवाय कळावं यासाठी एक सोपी खूण आहे. कागदाची बारीक चिठ्ठी दुमडून मोकळ्या दुसऱ्या तारेवर खोगिरासारखी बसवा. तिसऱ्या तारेवर दाबलेला पंचम बरोबर लागला की शेजारची मोकळी तार आपोआप कंप पावते आणि चिठ्ठी थरथरते, कधी उडून पडते. जरा कमीजास्त झाला तर ढिम्म. चौथ्या तारेवरचा षड्ज तिसरीला असाच हलवतो. बारा वर्षांची मुलं यात अर्धा तास रमतात.

भूपानंतर यमन, कारण तीव्र मध्यम–पंचम आणि निषाद–षड्ज यांत बोटं एकमेकांना चिकटवून ठेवावी लागतात. नंतर, घाई न करता, तोडी. आणि तिची परीक्षाच घ्यायची असेल तर मारवा. त्यात पंचम वर्ज्य, षड्जही टाळत टाळत घ्यायचा. म्हणजे आपल्या व्हायोलिनच्या चारही मोकळ्या तारा हातातून काढून घेतल्यासारख्याच. डाव्या हाताचं खरं काय ते तिथे लपत नाही. पण हे वर्षभरानंतर.

सरकताना हात अडखळत असेल तर डाव्या अंगठ्याकडे बघा. आपल्या बैठकीचा मोठा फायदा हा, की व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकलेलं असल्यामुळे डाव्या हाताला वाद्याचं वजन पेलावं लागत नाही, तो सबंध पट्टीभर मोकळा फिरू शकतो. तरीही मुलं अंगठ्याने व्हायोलिनची मान चिमटीत पकडतात. अंगठा आणि मान यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवा आणि वाजवता वाजवता ती ओढून घ्या. सहज निघाली पाहिजे. मुलीचे पाय लहान असतील आणि वाद्य घोट्यावर नीट पोचत नसेल तर ती पुढे वाकून बसते आणि सगळा भार मानेवर येतो. घोट्यावर एक घडी घातलेला रुमाल ठेवला की पाठ सरळ होते. काही वादक बोटांना खोबरेल तेलाचा हलका हात लावतात, मींड सुळकन जाते. तिला वापरायचं असेल तर नखाएवढं, आणि बोच्या केसांना तो हात लागता कामा नये. तेल लागलेले केस तार धरत नाहीत.

एका गोष्टीवर मी कडक आहे. हल्ली मुलं मोबाइलवर पाश्चात्त्य वादक ऐकतात (ऐकावेतच) आणि प्रत्येक लांब सुरावर व्हायब्रॅटो घालायला लागतात. तिचा सूर थरथरतो, असं तुम्ही लिहिलंय. तो बोमुळे थरथरतो की ती मुद्दाम हलवते, हे एकदा मोकळ्या तारेवर तपासा. व्हायब्रॅटो स्वराच्या आसपास दोन्हीकडे झुलतं, त्यामुळे स्वर नेमका कुठे आहे हे झाकलं जातं. आपलं आंदोलन वेगळं. दरबारीचा गंधार ऋषभाकडे झुकून परत येतो, संथ, आणि त्याला दिशा असते. ज्याचा सपाट सूर अजून स्थिर नाही त्याने आंदोलन शिकू नये, व्हायब्रॅटो तर नाहीच. निदान सहा महिने सगळे लांब सूर सपाट.

आणि तिला गायला लावा. आवाज कसाही असो. छोटी बंदिश शब्दांसकट पाठ झाली की शब्द जिथे तुटतो तिथे बो बदलायचा आणि अक्षर लांबतं तिथे बो लांबवायचा, असं बंदिशीच्या ओळीखाली पेन्सिलीने खाली-वरच्या खुणा करून तिच्याकडूनच लिहून घ्या. गायकी अंग म्हणतात त्याची सुरुवात इथे होते. गजाननराव जोशी उत्तम गायक होते आणि व्हायोलिनही वाजवायचे, व्हायोलिनवादक एन. राजम गायक पंडित ओंकारनाथ ठाकूरांकडे शिकल्या, डी. के. दातारांच्या व्हायोलिनवर तर बंदिशीचे शब्द जवळजवळ ऐकू येतात. तिला दातार आणि राजम यांची आलापी ऐकवा आणि ऐकताना एकच काम द्या, बो कुठे बदलला ते मोजायचं. बहुतेक वेळा तिला ते ऐकूच येणार नाही, आणि तेच तिला कळायला हवं. व्ही. जी. जोगांची लयकारी आवडेलच, ती तिला निराळी ऐकू द्या.

कंटाळ्याबद्दल: एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नको, मग उठून फिरून यायचं. दिवसात अशा तीन बैठका झाल्या तरी पुरे. शेवटची दहा मिनिटं तिची, हव्या त्या ताना, हवी ती गाणी, तुम्ही तोंड उघडायचं नाही. मान, खांदा किंवा मनगट दुखलं तर त्या दिवशी वाजवणं बंद. 'थोडं दुखतंच' असं तिच्या घरी कुणी म्हणत असेल तर त्यांना समजावून सांगा. दुखणं आठवडाभर राहिलं तर डॉक्टर.

स्पर्धेचं मला फारसं वावडं नाही. वर्षातून एखादी, तीही आधीच बसलेल्या रागातली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा क्रमाने द्यायला हरकत नाही, पण दोन परीक्षा एकाच वर्षात उरकायचा उत्साह आवरा. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या गाणाऱ्या मुलीला साथ करायला बसवा. दुसऱ्याच्या मागे वाजवायचं म्हटलं की तानांची हौस आपोआप आवरते, आणि लांब सूर धरून बसावंच लागतं.

राहिलं फुल साइज. तिला उभं करून व्हायोलिन हनुवटीखाली ठेवा आणि डावा हात लांब करायला सांगा. वाद्याचं डोकं तळहातात आलं तर माप बरोबर, तळहाताच्या पलीकडे बोटांकडे गेलं तर मोठं. शिवाय चौथ्या तारेवर चारही बोटं ठेवायला सांगून करंगळी न ताणता पोचते का ते बघा. आपल्याकडे करंगळी आधीच दुर्लक्षित, मोठ्या मापावर ती कायमची सुटते. बाराव्या वर्षी बऱ्याच मुलांना तीन चतुर्थांशच बसतं. आईवडिलांच्या हातात पैसे असतील तर ते सध्याच्या मापाच्या चांगल्या बोवर घालायला सांगा, सोबत तारांचा नवा संच. स्वस्त व्हायोलिनबरोबर येणारा बो बहुधा वाकडा निघतो किंवा ताण धरत नाही, आणि वर सांगितलेलं निम्मं काम त्याच्यावर होणारच नाही. दुकानात बो निवडताना तो मुठीकडून डोळ्यासमोर धरून काठी सरळ आहे का बघा, केस ताणल्यावर काठीची कमान आतल्या बाजूला टिकते का बघा, आणि मग मुलीला मोकळ्या षड्जावर आठ मात्रांचा एक बो ओढायला लावा. तीन-चार बो हातात द्या, किंमत सांगू नका, तिला निवडू द्या.